रघुनाथ शिरोमणीचा ‘स्वत्व’विचार

टीकाग्रंथांची परंपरा म्हणजे जुन्याचीच उजळणी, असा समज भारतीय विचाराच्या इतिहासलेखनात पुष्कळ काळ रूढ होता. नवद्वीपचा नैयायिक रघुनाथ शिरोमणी (पंधरावे-सोळावे शतक) याच्या लेखनापुढे तो टिकत नाही. गंगेशाच्या ‘तत्त्वचिंतामणी’वर ‘दीधिती’ ही टीका लिहिणाऱ्या याच पंडिताने ‘पदार्थतत्त्वनिरूपण’ या छोट्याशा ग्रंथात वैशेषिकांच्या पदार्थव्यवस्थेची झडती घेतली. दिक् व काल ईश्वराहून वेगळे मानण्याचे कारण नाही. परमाणू व द्व्यणुक यांवाचून अडत नाही, त्रुटीपाशीच थांबावे. ज्या ‘विशेषा’वरून दर्शनाला नाव मिळाले तोही अनावश्यक, असे तो प्रतिपादितो.

मात्र हा केवळ लाघवाचा हव्यास नव्हे. गरज भासेल तेथे तो नवे पदार्थही मानतो; त्यांत ‘स्वत्व’ सर्वांत उद्बोधक आहे. एखादी वस्तू ‘माझी’ असणे म्हणजे काय? तिचा यथेष्ट विनियोग करण्याची योग्यता, असे एक उत्तर होते. पण दुसऱ्याचे अन्नही खाता येतेच. ते शास्त्रनिषिद्ध आहे असे म्हणावे, तर परक्याचे घेऊ नये हा निषेध कळण्यासाठी ‘परक्याचे’ म्हणजे काय हे आधीच कळलेले असावयास हवे. म्हणून स्वत्व हा स्वतंत्र पदार्थच मानणे प्राप्त होते. प्रतिग्रहादींनी ते उत्पन्न होते, दानादींनी नष्ट होते. पुत्राचे स्वत्व जन्मतःच, की पित्याचे स्वत्व संपल्यावर, हा ‘मिताक्षरा’ व ‘दायभाग’ यांच्यातील वाद ध्यानी घेतला, तर बंगालमध्ये हा प्रश्न निव्वळ तार्किक नव्हता हे सांगावयास नको.

आपले म्हणणे सिद्धान्ताविरुद्ध आहे एवढ्यावरूनच ते टाकू नये, अशी विनंती रघुनाथ ग्रंथान्ती करतो. ती सर्वांनी मानली नाही. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ आणि विश्वनाथाची ‘सिद्धान्तमुक्तावली’ यांनी पदार्थ सातच ठेवले, व न्यायाचे अध्ययन आजही बहुधा याच ग्रंथांपासून सुरू होते. नव्यन्यायाची परिभाषा मात्र दूरवर पोहोचली: साहित्यशास्त्रात जगन्नाथ पंडितापर्यंत, व्याकरणात काशीनिवासी महाराष्ट्रीय नागेशभट्टापर्यंत. खुद्द ‘पदार्थतत्त्वनिरूपणा’वरही पुढे रघुदेव न्यायालंकार व रामभद्र सार्वभौम यांनी टीका लिहिल्या.