यंत्रमागाचा खडखडाट आणि शब्दाचा अतियोग

इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगाव येथे व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे चाळिशीतील यंत्रमाग कामगार सहसा कानाची तक्रार घेऊन येत नाही. निद्रानाश, चिडचिड, डोके भणभणणे या लक्षणांसाठी तो येतो. ऐकू कमी येते, हे सांगते ती सोबत आलेली पत्नी. आपण कर्णनाद व बाधिर्याचे निदान करून वातघ्न चिकित्सा आरंभतो, कर्णपूरण सांगतो आणि रुग्ण त्याच रात्री बारा तासांच्या पाळीवर रुजू होतो. निदानपरिवर्जनाचे काय?

चरकाचार्यांनी असात्म्येंद्रियार्थसंयोग हे रोगकारण मानून शब्दाच्या अतियोगासाठी मेघगर्जना, पटह अशी उदाहरणे दिली. गर्जना क्षणात ओसरते. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून तेथे धोट्याचा आघात पिढ्यान्‌पिढ्या कानांवर होत आहे. अंतःकर्णातील सूक्ष्म रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. त्या कोणत्याही तैलाने उगवतात, असे रुग्णास सांगू नये.

शेडमधील धोका अजमावण्यास प्रारंभी यंत्र लागत नाही. हातभर अंतरावरील माणसाशी आवाज चढवून बोलावे लागत असेल, तर तेथील ध्वनी साधारणतः ८५ डेसिबलच्या वर आहे असे समजावे. नेमके मोजमाप ध्वनिमापकानेच होते. मात्र डेसिबलचे गणित फसवे आहे. सारख्या आवाजाचे दोन स्रोत एकत्र आले की केवळ ३ डेसिबल वाढतात. म्हणून निम्मे माग बंद केले तरी आकडा जेमतेम ३ नेच उतरतो. आपल्याकडील कारखाना नियमांत ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार, १०० ला दोनच तास अशी मर्यादा आखली गेली. बारा तासांची पाळी या कोष्टकात कोठेच बसत नाही.

परीक्षणातही एक खाच आहे. या विकारात श्रवणहानी प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास होते, तर आपल्या टेबलावरील ट्यूनिंग फोर्क बहुधा ५१२ चा असतो. त्यावर कान निर्दोष वाटतो, पण 'स', 'श', 'फ' ही व्यंजने रुग्णाच्या हातून निसटू लागलेली असतात. ऑडिओमेट्री करून घ्यावी, तीही साप्ताहिक सुटीनंतर, पाळीवर जाण्यापूर्वी. अन्यथा तात्पुरते बधिरत्व कायमचे भासते.

उपाय उगमापाशी हवा. झिजलेले बफर बदलणे, सैल नट आवळणे, मागाखाली रबरी बैठक, पत्र्याच्या छताखाली ध्वनिशोषक आवरण ही कामे मालकाची. कामगारास आलटूनपालटून कांडी मशीनवर पाठवावे, हे कागदावर उत्तम. परंतु मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते, तेथे माग सोडणे म्हणजे रोजगार सोडणे. इअरप्लग हा शेवटचा उपाय असला तरी आज हाताशी तोच आहे. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कर्णपाळी वर व मागे ओढून आत सरकवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. कापसाचा बोळा किंवा तेलात भिजवलेला पिचू हे संरक्षण नव्हे. कर्णस्राव अथवा पडद्यास छिद्र असल्यास कर्णपूरण तर वर्ज्यच.

ध्वनिजन्य बाधिर्य हा १९४८ च्या कारखाना अधिनियमात सूचनीय व्यावसायिक रोग होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या सूचीतही तो आहे. असा रुग्ण तपासणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकाने लेखी कळवणे अपेक्षित आहे. अनेक लहान शेड कायद्याच्या व्याख्येतच येत नाहीत, ही अडचण वेगळीच. शिवाय 'नाव लिहू नका, काम जाईल' असे कामगार म्हणतो, आणि त्याची भीती अनाठायी नाही. एकाच परिसरातील वैद्यांनी आपापले अहवाल एकाच सुमारास पाठवले, तर कोणा एका कामगाराकडे बोट दाखवणे मालकास कठीण जाईल. त्यासाठी केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' एवढेच न लिहिता मागाचा प्रकार, कामाची वर्षे आणि पाळीचे तास आजपासून नोंदवावेत.