गांजावर कर लावला तर काळा बाजार संपेल?

गांजा कायदेशीर करा, कर लावा, म्हणजे काळा बाजार आपोआप बंद होईल, असे काही तरुण मित्र म्हणतात. हे अर्धेच खरे आहे.

गिऱ्हाईक किंमत बघते. कर जास्त लावला तर दुकानातला माल महागतो आणि चोरटा विक्रेता टिकतो. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला, ग्रॅममागे किमान एक डॉलर कर लावला. सुरुवातीला चोरटा मालच स्वस्त होता. पुढे दुकाने वाढली, दर उतरले, तेव्हा गिऱ्हाईक वळले. उलट कर फार कमी ठेवला तर नशा स्वस्त होते आणि पोरे लवकर अडकतात. १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगानेही सरसकट बंदीऐवजी कर आणि परवाना सुचवला होता.

आता आपला वर्धा जिल्हा बघा. इथे सुमारे ५० वर्षे दारूबंदी आहे. तरी हातभट्टी आहे, शेजारच्या जिल्ह्यांतून चोरून येणारी बाटली आहे. त्या बाटलीवरचे जादा पैसे हाही करच. फक्त तो तिजोरीत न जाता विक्रेत्याच्या खिशात जातो. पकडला जातो तो बहुधा वस्तीतला गरीब पोरगा.

पाचवे शील पाळणे आपल्या हातात आहे. बाजार मात्र धोरणाने चालतो. म्हणून कराची चर्चा निघाली की आपण दोन प्रश्न विचारायचे: दर किती? आणि त्यातला किती पैसा व्यसनमुक्तीला?