आरएनए : निरोप्या आणि मुकादमही

साधारण चार माणसांत एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जीवाणू मुक्काम ठोकून असतात. एरवी त्यांचा काही त्रास नसतो. पण कातडी कापली, शस्त्रक्रियेची जखम झाली किंवा प्रतिकारशक्ती खालावली, की हेच जीवाणू गळू करतात; कधी रक्तात शिरून जिवावर उठतात. म्हणून त्यांना संधिसाधू म्हणतात. जनुके तर तीच, मग वागणूक कशी बदलते?

डीएनएवरचा मजकूर संदेशवाहक आरएनए उतरवून घेतो आणि रायबोसोम तो वाचून प्रथिन बनवतो, असे आपण वर्गात शिकवतो. यात आरएनए म्हणजे निरोप्या. जनुकांवर हुकमत चालवणारी ती प्रथिनेच, असे आम्ही जीवशास्त्रज्ञही बरीच वर्षे धरून चाललो होतो. १९८४ साली ई. कोलाय या जीवाणूत एक छोटा आरएनए दुसऱ्या आरएनएला चिकटून त्याचे काम थांबवतो असे दिसले. पुढे १९९३ साली न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड नोविक व सहकाऱ्यांनी दाखवले, की स्टॅफिलोकॉकसच्या विषांचा कारभारही एक आरएनएच पाहतो. त्याचे नाव आरएनए-तीन, लांबी ५१४ न्यूक्लिओटाइड. (गंमत म्हणजे त्याच्यावर २६ अमिनो आम्लांच्या एका छोट्या विषाचा मजकूरही असतो. म्हणजे निरोप्याचे कामही सुटलेले नाही.)

प्रत्येक जीवाणू एक लहानसा पेप्टाइड बाहेर सोडत असतो. जीवाणू विरळ असतील तर तो पांगून जातो. गळवासारख्या बंदिस्त जागेत गर्दी वाढली की तो साठतो, आणि ठरावीक पातळीनंतर पेशी आरएनए-तीन बनवू लागते.

तो काम कसे करतो हे कागदाच्या पट्टीने छान दाखवता येते. पट्टीवर ए, यू, जी, सी ही अक्षरे लिहा आणि रायबोसोम बसण्याची जागा लाल करा. आता पट्टी अशी दुमडा, की लाल जागा झाकली जाईल. अल्फा या विषाचा संदेश एरवी असाच मिटलेला असतो. आरएनए-तीनची अक्षरे त्या संदेशाच्या सुरुवातीच्या भागाशी जुळतात. ए समोर यू, जी समोर सी. तो तिथे जोडला गेला की घडी उघडते, लाल जागा मोकळी होते आणि विष बनू लागते. प्रथिन-ए च्या बाबतीत उलटे घडते. जीवाणूच्या भिंतीवरचे हे प्रथिन आपली प्रतिपिंडे उलटी पकडून निकामी करते. त्याच्या संदेशाची लाल जागा आरएनए-तीन झाकतो, आणि एक विकर तो संदेश कापूनही टाकते. एकाच रेणूने लपण्याची सामग्री आवरती घेतली आणि हल्ल्याची बाहेर काढली.

मग हा मुकादमच बंद पाडणारे औषध का करू नये? जीवाणू न मारता विष थांबेल, ही कल्पना मोहक आहे. पण ही यंत्रणा बिघडलेले जीवाणू पृष्ठभागाला अधिक घट्ट चिकटून चिवट थर बनवतात. दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांत असे जीवाणू वारंवार सापडतात. त्यामुळे कातडीच्या गळवावर जे औषध उपयोगी पडेल, तेच कृत्रिम सांधा किंवा शिरेतली नळी असलेल्या रुग्णाला घातक ठरू शकेल.