लेझीम : सगळ्या वर्गाचा नाच

धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार. बालाघाटाच्या अंगाखांद्यावरच्या बीड जिल्ह्यातल्या या तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेची साहित्याची खोली उघडली, की डंबेल्स आणि घुंगुरकाठ्यांच्या शेजारी बहुधा लेझिमा सापडतात. गंज चढलेला असतो, एखाद्या साखळीच्या चकत्या गळालेल्या असतात. लहान मुलांना नाच शिकवताना एकही मूल बाहेर राहू नये, हे आता सगळेच म्हणतात. त्यासाठी लागणारं सगळ्यात तयार साधन मात्र या खोलीत पडून आहे, असं माझं ठाम मत आहे.

लेझीम म्हणजे एक लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना अडकवलेली लोखंडी साखळी, साखळीत ओवलेल्या पातळ चकत्या आणि मधोमध धरायला मूठ. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात मूठ. हात फाकवले की साखळी ताणते आणि वाजते, जवळ आणले की पुन्हा वाजते. मुळात हा तालमीतला व्यायाम. मनगटं आणि दंड कसण्यासाठी जड लेझीम ओढली जाई. पुढे हलगी-ढोल जोडीला आले आणि ती मिरवणुकांत नाचू लागली. शाळेच्या मैदानावर ती आली व्यायामशाळांच्या चळवळीबरोबर. 1914 साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकार दाखवले, तो याच चळवळीचा काळ.

पहिली-दुसरीच्या मुलांना लगेच लेझीम देत नाहीत. आधी रिकाम्या हातांनी, तोंडाने आकडे म्हणत ‘चार आवाज’. वाकायचं, उठायचं, हात उघडायचे, मिटायचे. चार आकडे संपले की पुन्हा एक. लेझीम हातात आली की पहिला धडा साखळी देते : पिळली तर आवाज येत नाही आणि घाई केली तर बोटाला चिमटा बसतो. मुलं दोन दिवसांत सावध होतात. मग ‘आठ आवाज’, मग ‘पवित्रा’. चुकलेल्या मुलाला थांबवावं लागत नाही. पुढच्या ‘एक’ला ते आपोआप रांगेत परत येतं. गाण्यावर बसवलेल्या नाचात एक कडवं हुकलं की मूल रडवेलं होऊन उभं राहतं.

लेझीम गाण्यावर नाही, आकड्यांवर चालते. म्हणूनच ऐकू न येणारं मूल इथे अडत नाही. समोरच्या बाई बोटांनी आकडे दाखवतात, बाजूची रांग वाकताना दिसते आणि हलगी जवळ असली तर तिचा ठोका छातीत जाणवतो. दृष्टी नसलेल्या मुलाला आवाजच वाट दाखवतो, फक्त सुरुवातीला मागून हात धरून हालचाल द्यावी लागते. पायात बळ नसेल तर बसून हात चालतात, आणि अशा वेळी सगळी रांगच बसवावी, एकट्याला खुर्चीवर ठेवू नये. एकच हात चालत असेल तर घुंगुरकाठी द्यावी. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शाळेतल्या खेळ-करमणुकीत या मुलांना इतरांच्या बरोबरीची संधी दिली आहे. त्यामुळे त्यांना रांगेत घेणं ही कुणाची मेहरबानी नाही.

बीडमध्ये मात्र आणखी एक मूल बाहेर राहतं, आणि त्याचे हातपाय धड असतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. लेकरं एकतर फडावर जातात, नाहीतर आजी-आजोबांकडे, हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर मागे राहतात. अशाच मुलांसाठी दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी 2000 साली शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीत ‘शांतिवन’ उभं केलं. फडावर गेलेली मुलं शाळेत नसतात, नेमकं तेव्हाच, डिसेंबर-जानेवारीत, शाळांची स्नेहसंमेलनं रंगतात. सिनेमाचं गाणं, निवडलेली आठ-दहा मुलं, भाड्याचा ड्रेस. मागे राहिलेल्या ज्या मुलाची आई साताऱ्याच्या फडात मोळ्या बांधते आहे, त्याच्या ड्रेसचे पैसे कोण भरणार? आजीकडे मागायला त्याची जीभ रेटत नाही, आणि ‘मला नाचायचंच नाही’ असं ते सांगून टाकतं. हे उत्तर शिक्षकांनी खरं मानू नये.

लेझीम शाळेची असते, अंगावर गणवेश पुरतो. जून-जुलैत शिकलेले चार आवाज फडावरून परतलेल्या मुलाच्या हातात टिकून असतात, कारण पावलं तीच असतात. कार्यक्रमाच्या तारखा मात्र बदलायला हव्यात. 15 ऑगस्टला सगळी मुलं गावात असतात. 1 मेच्या झेंडावंदनापर्यंत बहुतेक वर्षी साखर कारखान्यांची धुराडी थंडावलेली असतात, टोळ्या परतलेल्या असतात. मोठा कार्यक्रम या दोन दिवशी ठेवावा आणि गावाला तेव्हाच बोलवावं. 1 मेच्या आधी आठवडाभर सराव पुरे. साखळ्यांना तेल द्यायला आणि गळालेल्या चकत्या गावातल्या लोहाराकडून बसवून घ्यायलाही तेवढा वेळ मिळतो.