पंचाहत्तर वर्षांची अट

वनहक्क कायद्याचे पूर्ण नाव एका दमात म्हणणे अवघडच. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६. या नावातले ‘इतर पारंपरिक वननिवासी’ हे शब्द मूळ विधेयकात नव्हते. ते आत कसे आले आणि कोणती अट घेऊन आले, त्याविषयी आज मला बोलायचे आहे.

१३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेत मांडलेले विधेयक फक्त आदिवासींपुरते होते. जमीन २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीपासून कसत असल्याचे दाखवायचे, आणि मिळणार जास्तीत जास्त अडीच हेक्टर. वन्यजीवप्रेमींना एवढेही फार वाटले. जंगल वाटून संपेल, अशी त्यांना धास्ती. आदिवासी संघटनांना ते तोकडे वाटले. विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले. किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने माप सढळ हाताने घातले: तारीख १३ डिसेंबर २००५ करा, कमाल मर्यादा काढा, बिगर आदिवासी वननिवासींनाही घ्या, आणि शेवटचा शब्द ग्रामसभेचा ठेवा.

डिसेंबर २००६ मध्ये संसदेने जे संमत केले, ते या दोहोंच्या मधले. नवी तारीख टिकली. अडीचाचे चार हेक्टर झाले. दावे तपासून ठराव करणे ग्रामसभेकडे आले. शिक्कामोर्तब मात्र जिल्हास्तरीय समितीकडे गेले. ‘इतर’ मंडळी कायद्यात आली, पण तीन पिढ्यांच्या वास्तव्याची अट घेऊन. एक पिढी पंचवीस वर्षांची.

२००५ मधून पंचाहत्तर वजा करा. १९३० येते. आपल्याकडे ते साल जंगल सत्याग्रहाचे. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला. त्यात नाग्या कातकरी पडला, तसे आदिवासी नसलेलेही पडले. अशा दोन घरांचे वारस शेजारी-शेजारी जंगलजमीन कसत असतील, तर एकाने २००५ चा ताबा दाखवला की भागते. दुसऱ्याला शिवाय १९३० पर्यंत मागे जावे लागते. मधला बांध एकच. सरकारी दप्तराने ज्याला पिढ्यान्‌पिढ्या अतिक्रमणदार म्हटले, त्याच्याकडे १९३० चा कागद कुठला? नियमांनी वयोवृद्धांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला आहे खरा. पण १९३० आठवणारे माणूस आज शंभरीच्या घरात असणार.

तरी हे सारे झिडकारायला हवे होते, असे मी म्हणणार नाही. याच कायद्याने सामूहिक वनहक्क दिला. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. बांबू हे गौण वनोपज, असे कायद्यात स्वच्छ लिहिलेले असूनही तो विकण्यासाठी वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडावा लागला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले!

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश राज्यांना दिला. पंधरा दिवसांनी त्याला स्थगिती दिली, आणि दावे फेटाळताना कोणती पद्धत अवलंबली ते सांगा, असे राज्यांना फर्मावले. पंचाहत्तर वर्षांचा पुरावा नाही म्हणून परत पाठवलेला शेतकरीही त्या फेटाळलेल्यांतच मोजला गेला होता.