शिळ्या भाताची वीज

नाशिकच्या हॉटेलांत उरलेला भात, रस्सा, भाज्यांची सालं. आणि सार्वजनिक शौचालयांच्या टाक्यांतून उपसलेला मैला. हे दोन्ही एकत्र कालवायचं, हे ऐकूनच नाकाला रुमाल लावावासा वाटतो. नाशिक महापालिकेनं मात्र जर्मनीच्या ‘जीआयझेड’ या संस्थेच्या साहाय्यानं नेमका हाच प्रकल्प उभारला. पाथर्डी शिवारातल्या खतप्रकल्पावर तो 2017च्या अखेरीस सुरू झाला. क्षमता रोज सुमारे 30 टन, आणि त्यातून दिवसाला 3,300 युनिटपर्यंत वीज मिळावी, अशी आखणी.

दोन्ही एकत्र कशाला? मला या प्रकल्पातलं सगळ्यात सुंदर विज्ञान इथेच दिसतं. खरकट्यात पिष्ट, साखर, तेल भरपूर. जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि भराभर आम्लं तयार करतात. आम्ल साचलं की मिथेन, म्हणजे ज्याच्यावर वीज बनते तो वायू, तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांचं काम थांबतं. त्यांना सामू सातच्या आसपास लागतो. मैल्याचं उलट. त्यातली बरीच ऊर्जा आपल्या पोटानं आधीच काढून घेतलेली, म्हणून एकट्या मैल्यातून गॅस बेताचाच निघतो. पण त्यातला अमोनिया आम्लाला आवर घालतो, आणि खरकटं पातळ करायला लागणारं पाणीही मैल्याबरोबरच येतं.

हवाबंद टाकीत मग पंगतीमागून पंगत उठते. पहिले जिवाणू पिष्ट फोडतात, दुसरे त्यांनी टाकलेल्या आम्लांवर जगतात, आणि उरलेलं ॲसिटिक आम्ल व हायड्रोजन शेवटच्या मंडळींच्या वाट्याला येतात. हे मिथेनकर्ते जिवाणू नव्हेतच, त्यांचं कूळच वेगळं, हे कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 साली दाखवलं. हे मिथेनकर्ते नसतील तर आधीचे आपल्याच आम्लात अडकून पडतील. त्या टाकीत कचरा नेमका कुठला म्हणायचा?

मैल्यातून गॅस काढणं महाराष्ट्राला नवं नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात 1897 सालीच मैल्याचा गॅस वापरात आला होता. देहूच्या डॉ. मापुसकरांनी तर शौचालयाला जोडलेल्या गॅससंयंत्रासाठी हयात वेचली.

प्लास्टिकला मात्र टाकीतल्या या पंगतीत कुणी खाणारा नाही. पिशव्या पंपात अडकतात, गाळात उरतात. ओला-सुका वेगळा करून घंटागाडीत द्यायचा, तो यासाठी.

टाकीतून वायुरूपानं बराच कार्बन निघून जातो. नत्र, स्फुरद, पालाश गाळातच राहतात. भाजीपाल्याबरोबर शेतातून शहरात आलेली ही द्रव्यं पुन्हा मातीत जाऊ शकतात, फक्त मैल्यातले रोगजंतू मरतील इतका तो गाळ आधी तापवून घ्यायला हवा.