ओकिनावाची जमीन आणि अमेरिकेचे आशियाई धोरण

परराष्ट्र धोरण म्हटले की आपल्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे परिषदा, करार आणि पुढाऱ्यांची हस्तांदोलने उभी राहतात. आधी धोरण ठरते आणि मग सैन्य हलते, अशी समजूत असते. जपानच्या बाबतीत मला हा क्रम उलटा दिसतो. तिथे सैन्य आधी उतरले, जमीन आधी ताब्यात आली. ती हातची सोडायची नाही ह्या निश्चयातून अमेरिकेचे पूर्व आशियाविषयीचे धोरण घडत गेले.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण आला आणि जनरल मॅकआर्थरचा अंमल सुरू झाला. नावाला तो दोस्त राष्ट्रांचा होता, प्रत्यक्षात अमेरिकेचा. ह्या अंमलाने पहिल्या काळात केलेली कामे नाकारण्यात अर्थ नाही. स्त्रियांना मताधिकार मिळाला. जमीनदारांची जमीन सरकारने विकत घेऊन कुळांना दिली. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपण वर्षानुवर्षे देत राहिलो. तिथे ती परक्या सैन्याच्या हुकमाने बऱ्याच अंशी खरी झाली. १९४७ मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने जन्मावरून भेदभाव करण्यास मनाई केली आणि नवव्या कलमाने युद्धाचा त्याग केला. जपानमधील अस्पृश्य गणल्या गेलेल्या बुराकु समाजाचे नेते मात्सुमोतो जिइचिरो त्याच वर्षी वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले.

पण चीनमध्ये कम्युनिस्टांची सरशी होऊ लागली तशी हवा पालटली. जपानला आता सुधारायचे नव्हते, उभे करायचे होते. संप दडपले गेले, जुन्या मंडळींना पुन्हा जागा मिळू लागल्या. मात्सुमोतोंना मात्र १९४९ मध्ये युद्धकाळातील संबंधांचे कारण दाखवून सार्वजनिक पदांवरून दूर केले गेले. ज्या अंमलाने समतेचे कलम दिले, त्याच अंमलाखाली समता मागणाऱ्याची ही गत झाली. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि जपानचे तळ त्या युद्धाचे कोठार बनले. युद्धाचा त्याग करणारी घटना लिहवून घेणाऱ्या मॅकआर्थरनेच महिन्याच्या आत ७५,००० जणांचे राखीव पोलीस दल उभारण्यास सांगितले.

८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तहावर सह्या झाल्या. त्याच दिवशी वेगळ्या कागदावर सुरक्षा कराराची सही झाली. ताबा संपला, पण सैन्य राहिले. ते केवळ जपानच्या रक्षणासाठी नव्हते, सुदूर पूर्वेतील शांततेच्या नावाने कुठेही वापरता येणार होते. भारत ह्या तहाला गेला नाही. परकी फौज राहण्याला आणि र्युक्यू बेटे जपानकडे न देण्याला नेहरू सरकारचा आक्षेप होता. भारताने ९ जून १९५२ रोजी वेगळा तह केला. जपानला अशी मोकळीक नव्हती. तह अमेरिकन सिनेटमध्ये मंजूर व्हावा म्हणून पंतप्रधान योशिदांना डिसेंबर १९५१ मध्ये डलेस ह्यांना लिहून द्यावे लागले की आम्ही पेकिंगशी नव्हे, तैपेईशी तह करू. शेजारच्या एवढ्या मोठ्या देशाशी राजनैतिक संबंध जुळायला मग १९७२ उजाडले. ह्याला मी ताब्याचे खरे फळ म्हणतो. ताबेदार घराबाहेर पडतो, पण शेजाऱ्याशी कोणी बोलायचे हे तोच ठरवतो.

आता ओकिनावा. र्युक्यू हे एकेकाळचे स्वतंत्र राज्य. जपानने १८७९ मध्ये ते गिळले आणि तिथल्या लोकांना कायम खालचे मानले. १९४५ च्या लढाईत तिथली सुमारे एक चतुर्थांश माणसे मेली. तहाच्या तिसऱ्या कलमाने ही बेटे अमेरिकेच्याच अमलाखाली ठेवली. सप्टेंबर १९४७ मध्ये खुद्द सम्राटाकडून निरोप गेला होता की अमेरिकेने ओकिनावा दीर्घ मुदतीने ठेवून घ्यावे. जपान सुटला तो दिवस, २८ एप्रिल, म्हणूनच ओकिनावात अपमानाचा दिवस मानतात. गावाचा उकिरडा कोणाच्या दारात टाकायचा हे गाव ठरवते, आणि ज्याच्या दारात पडतो त्याला विचारत नाही. हे मी आपल्या वाचकांना वेगळे समजावण्याची गरज नाही.

१९५५ मध्ये इएजिमा बेटावर सैनिकांनी घरे जाळली, शेते सपाट केली. ह्या काळाला तिथले लोक 'संगीन आणि बुलडोझर' असेच म्हणतात. आहागोन शोको ह्यांच्यासह बेदखल शेतकरी भीक मागत बेटभर फिरले. आमची जमीन कशी गेली हे सांगत फिरले. मुख्य भूमीवर तळांविरुद्ध आंदोलने वाढली, तेव्हा तिथली मरीन पलटण ओकिनावात आणली गेली. पुढे कादेना तळावरून बी-५२ विमाने व्हिएतनामवर बाँब टाकायला उडत. जमीन हाती होती म्हणून ते युद्ध तिथून लढता आले. आणि युद्ध चालू होते म्हणून जमीन सोडता येत नव्हती.

१५ मे १९७२ रोजी ओकिनावा जपानकडे परत आले. तळ हलले नाहीत. जपानच्या ०.६ टक्के भूमीवर, केवळ अमेरिकन सैन्याच्या वापरातल्या तळांचे सुमारे ७० टक्के क्षेत्र आजही आहे. १९९५ मध्ये तीन अमेरिकन सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला, तेव्हा बेट पेटून उठले. पुढच्या वर्षी फुतेन्मा तळ परत देण्याचे कबूल झाले. अट अशी की त्याची जागा ओकिनावातच भरून निघावी. त्यासाठी हेनोकोचा समुद्र बुजवायला घेतला. २०१९ च्या सार्वमतात सुमारे ७२ टक्के मतदारांनी भरावाला नकार दिला. टोकियोने डिसेंबर २०२३ मध्ये प्रांताच्या गव्हर्नरला बाजूला सारून स्वतःच परवानगी दिली, आणि जानेवारी २०२४ मध्ये ओउरा उपसागरात दगड पडू लागले.